महिन्याला किती येईल?

लग्नात, बारशाला, गणपतीच्या आरतीला, कुठेही जा. मी काय काम करते हे कळलं की समोरचा माणूस हातातला पेढा बशीत ठेवतो आणि विचारतो, "म्हणजे त्या सेंट्रल हीटिंगचं महिन्याला साधारण किती येतं हो?"

साधारण! या एका शब्दाने माझं निम्मं आयुष्य खाल्लंय. तुमचं घर मी पाहिलेलं नाही. तुमच्या खिडक्यांना एक काच आहे की दोन, छतात काही भरलंय की नुसती उंदरांची सोय आहे, तुम्ही मोजे घालता की नाही, मला काही माहीत नाही. पण आकडा हवा, आणि तोही पेढा संपायच्या आत. पूर्वी मी नम्रपणे सांगायचे की ते घरावर अवलंबून असतं. आता मी उलट विचारते, "तुमच्याकडे महिन्याला साधारण किराणा किती लागतो?" मग माणूस दुखावतो आणि दुसऱ्या कोणाला तरी हीट पंपाचा भाव विचारायला निघून जातो.

आता रिटायर झाले, पण जुनी गिऱ्हाइकं सोडत नाहीत. इथे न्यूझीलंडमध्ये दिवाळी उन्हाळ्याच्या तोंडावर येते, सगळ्यांचे बॉयलर थंड झालेले असतात, म्हणून लिहायला बसायला उसंत आहे. जुलैत कोणी मला अंकासाठी लेख मागितला असता तर मी त्याच्यावरच वाफ काढली असती.

पुण्याहून मेकॅनिकलची पदवी घेऊन ऑकलंडला आले तेव्हा वाटलं होतं, मोठमोठी टर्बाइनं उभारीन. नशिबात लोकांच्या छताच्या पोकळीत टॉर्च घेऊन सरपटणं होतं. एका हीटिंगच्या कंपनीत लागले आणि तिथेच केस पांढरे झाले. काम सांगायला सोपं. घरात बॉयलर असतो, म्हणजे गॅसवर पाणी तापवणारी पेटी. ते पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरतं, भिंतीवरचे पत्र्याचे चपटे रेडिएटर तापवतं आणि गार होऊन परत येतं. भिंतीवर एक थर्मोस्टॅट असतो. त्याला सांगायचं, घर एकोणीस अंशांवर ठेव. तेवढं झालं की बॉयलर थांबतो, घर गारठायला लागलं की पुन्हा पेटतो.

आणि खर्च? घर म्हणजे भोक पडलेली बादली. ऊब काचांतून, छतातून, दाराखालच्या फटीतून सारखी गळत असते. बॉयलर जेवढं गळतं तेवढंच भरतो. भोक केवढं, बाहेर गारठा किती, आत ऊब किती हवी, किती तास हवी, आणि जाळलेल्या गॅसची ऊब किती घरात येते आणि किती धुराड्यातून वाया जाते, एवढं कळलं की गॅसचे युनिट निघतात. त्याला दराने गुणायचं. वर रोजचा ठरलेला आकार, जो तुम्ही गॅस जाळा किंवा सुट्टीला फिजीला जा, द्यावाच लागतो. झालं. आठवीतल्या मुलालाही जमेल. जमत नाही ते पुढचं, की त्या घरात माणसं राहतात.

एक किवी आजोबा होते. भर जुलैत अर्धी चड्डी आणि जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून दार उघडायचे. थर्मोस्टॅट चोविसावर, आणि दिवाणखान्याची खिडकी सताड उघडी. मी म्हटलं, अहो ही बंद करा. म्हणाले, "फ्रेश एअर, लव्ह." आणि दर हिवाळ्यात तक्रार, की तुमचा बॉयलर गॅस फार खातो. त्यांच्या खिडकीतून मी सगळं ऑकलंड तापवत होते.

आपली माणसं त्यापेक्षा शहाणी असतील असं वाटत असेल तर आपल्या लोकांनी भरलेल्या टाकानिनी उपनगरात चला. नवी घरं, दुहेरी काचा, हवा जायला फट नाही. पण आत राहायला आलेला माणूस सोबत गीझर घेऊन आलेला असतो. गीझर डोक्यात. लहानपणापासून त्याने एकच आरोळी ऐकलेली असते, "गीझर बंद केलास का?" तांबडा दिवा लागला की पैसे चालले, विझला की वाचले. मग तो सेंट्रल हीटिंगही तसंच चालवतो. पंधरा मिनिटं चालू, लगेच बंद. तेवढ्यात नळ्यांतलं पाणी कुठे कोमट झालेलं असतं. पोळी तव्यावर टाकायची आणि फुगायच्या आत गॅस बंद करायचा, तसला प्रकार. मग फोन येतो, "ताई, तुमच्या सिस्टिमने घर तापतच नाही." भिंती गार, काचांवर पाणी, कपाटामागे बुरशी. मी समजावते, ते मान डोलावतात आणि मी गाडीत बसायच्या आत बटण बंद झालेलं असतं.

पण या सगळ्यांवर कडी केली ती अण्णांनी.

बॉटनी डाउन्स या उपनगरात मृणाल नावाची नर्स राहते. नवरा निखिल आयटीत. अण्णा म्हणजे मृणालचे वडील, सांगलीच्या एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. मृणालची आई गेल्यावर ही एकुलती एक लेक त्यांना इकडे घेऊन आली. पहिल्याच हिवाळ्यात अण्णांना न्यूमोनिया झाला. मृणाल ज्या इस्पितळात काम करते तिथेच बाप खाटेवर. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, घर अठराच्या खाली जाऊ देऊ नका, पुन्हा छाती भरली तर जड जाईल. हे ती स्वतः रोज दुसऱ्यांच्या आईवडिलांसाठी सांगत होती. तिने आणि निखिलने घराचं कर्ज थोडं वाढवून घेतलं आणि रेडिएटर बसवायचे ठरवले. अंदाज काढायला मी गेले.

घर नव्वदच्या दशकातलं, काचा मोठाल्या आणि एकेरी. मी सगळं मोजलं. निखिलने माझा हिशोब एक्सेलमध्ये घालून दोनदा तपासला आणि म्हणाला, "स्वीट ॲज, ताई. परवडेल." मीही खूश झाले. एवढं ऐकून घेणारं गिऱ्हाईक रोज मिळत नाही.

हिवाळा आला, बिल आलं आणि निखिलचा फोन आला. आवाजात आता स्वीट काही नव्हतं.

"ताई, तुम्ही सांगितलं त्याच्यापेक्षा हीप्स जास्त आलंय. आणि घर फ्रीझिंग आहे. मी संध्याकाळी येतो तर घरात श्वासाची वाफ दिसते."

आता बघा. बिल जास्त येऊ शकतं. घर गार राहू शकतं. पण दोन्ही एकदम? गॅस जळला तर ऊब कुठे तरी गेलीच पाहिजे. माझं डोकं फिरलं. एवढ्या वर्षांत माझा हिशोब इतका कधी चुकला नव्हता. मृणालने फोन घेतला आणि हळूच म्हणाली, "ताई, अण्णा परत जायचं म्हणतायत. तिकीट काढ म्हणून मागे लागलेत. सांगलीचं घर विकलंय, तिथे कुणी नाही. प्लीज, तेवढं बघा ना काय झालंय ते."

दुसऱ्या दिवशी गेले. दोघं कामावर, त्यांची मुलगी शाळेत, घरात एकटे अण्णा. दार उघडलं तेव्हा अंगात स्वेटर, त्यावर पफर जॅकेट, डोक्याला कानटोपी. ओठ निळसर. आत बाहेरच्यापेक्षा गार. थर्मोस्टॅट बंद.

"हे कोणी बंद केलं?"

"मीच. मला थंडी वाजत नाही बाई. बसा, चहा टाकतो."

"अण्णा, तुमच्यासाठी तर बसवलंय हे."

"ते दोघं आले की लावतात की. एकट्या माणसासाठी कशाला एवढं घर तापवायचं? लावलं की त्या भिंतीवरच्या डब्यावर सारखी ज्योत दिसते. चित्रातली असली म्हणून काय, जळतंय ना काही तरी." मग म्हणाले, "दोघांचं भांडण झालं बिलावरून. मी आत होतो, त्यांना वाटलं मला ऐकू येत नाही. मला आता सांगलीला जाऊ द्या. तिथलं ऊन फुकट आहे."

मला रागच आला. कोणाचा ते सांगता येत नव्हतं, बहुतेक सगळ्यांचा. मी म्हटलं, आधी मला माझं काम करू द्या. बॉयलर पूर्ण बंद केला आणि बाहेर मीटरपाशी जाऊन उभी राहिले. स्वयंपाकाची शेगडी बंद, बॉयलर बंद, म्हणजे मीटर थांबलेला असायला हवा. थोडा वेळ होताही. मग अचानक डोक्यावरच्या भिंतीवर बसवलेली पांढरी पेटी गुणगुणायला लागली आणि मीटरचे आकडे पळायला लागले. नळ सोडला की त्या क्षणी पाणी तापवून देणारी ती पेटी. इथे पुष्कळ घरांना असते, घराबाहेर असते, आणि तिचा गॅस त्याच मीटरमधून जातो. मी वाट पाहिली. पेटी थांबेना. एवढा वेळ कोणी अंघोळही करत नाही.

आत गेले तर बाथरूमचं दार उघडं. अण्णा स्टुलावर बसलेले, पँट गुडघ्यापर्यंत वर, पाय बादलीत. नळ बारीक सोडलेला, पाणी गरमच राहावं म्हणून, आणि बादलीतून ओसंडून सगळं मोरीत. तोंडावर मात्र परमसुख.

"काय करताय हो हे?"

"शेक घेतोय. हे केलं की तास-दोन तास बरं वाटतं. मग पुन्हा."

"पुन्हा म्हणजे? दिवसभर?"

"जमेल तसं. मुलांना सांगू नका, हसतील."

"अण्णा, हे पाणी गरम कशावर होतं असं वाटतं तुम्हाला?"

ते माझ्याकडे वर्गातल्या ढ मुलीकडे बघावं तसे बघायला लागले. "बाई, घरात गीझर नाही. दिवा नाही, बटण नाही. नळालाच गरम पाणी येतं. न्यूझीलंडमध्ये उष्ण पाण्याचे झरे आहेत, जन्मभर मुलांना शिकवलंय मी. नळाने आणलं असेल सगळीकडे. पाणीपट्टीत येत असेल."

हसू की कपाळावर हात मारून घेऊ, मला कळेना. आणि चीड यासाठी की म्हाताऱ्याचं अगदीच काही चूक नव्हतं. रोटोरुआला काही घरं खरोखरच जमिनीतल्या उष्णतेवर तापतात. भूगोल बरोबर होता, फक्त गाव चुकलं होतं. मी त्यांना हाताला धरून बाहेर नेलं आणि पेटी दाखवली. नळ बंद केल्यावर ती कशी गप्प होते, सोडल्यावर कशी पेटते. मीटरचे पळणारे आकडे दाखवले. अण्णांचा चेहरा उतरला.

"म्हणजे ते बिल माझं होतं."

शनिवारी मी सगळ्यांना टेबलाशी बसवून समजावलं. वहीत चित्रं काढून. मोरीत जेवढा गॅस गेला तेवढ्यात अण्णांची खोली दिवसभर छान उबदार राहिली असती, वर उरला असता. म्हणून बादली बंद, रेडिएटर चालू. निखिलने एक्सेल उघडून खात्री केली, मृणालने मला चिवडा बांधून दिला. मी गाडी चालवत घरी आले ती स्वतःवरच खूश होऊन.

पुढच्या बिलाच्या वेळी निखिलचा फोन आला. "ताई, तुम्ही जीनिअस आहात. बिल एकदम खाली." त्या पाठोपाठ मृणालचा आला, ती रडत होती. "अण्णांचा खोकला वाढलाय. हातपाय बर्फासारखे. हीटर लावतच नाहीत. आणि आता बादलीही घेत नाहीत. आधी निदान पाय तरी गरम होते हो त्यांचे."

असा माझा जीनिअसपणा. हिशोब सोळा आणे खरा, आणि त्यामुळे माणूस आधीपेक्षा जास्त गारठला. मी बिल कमी करायचा रस्ता दाखवला, अण्णांनी ते कमी केलं. घर उबदार करायचं तेवढं राहून गेलं होतं. त्या क्षणी मला या धंद्याचा, गॅसचा आणि समस्त सांगली जिल्ह्याचा मनापासून वैताग आला.

तडक गेले. आणि खरं सांगते, ओरडलेच. अण्णांना म्हटलं, "तुमच्या लेकीने कर्ज काढून हे बसवलं. तुम्हाला पुन्हा इस्पितळात नेताना तिला काय वाटेल याचा विचार केलात? ही काटकसर कसली, हा निव्वळ हट्ट आहे!"

अण्णा शांतपणे ऐकत होते. टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, "बाई, माझे वडील माझ्या बहिणीच्या सासरी जायचे, तेव्हा तिथलं पाणीसुद्धा पीत नसत. लेकीच्या घरचं घ्यायचं नाही. तहान लागली तर शेजाऱ्याकडे जाऊन पाणी पिऊन यायचे. आम्ही मुलं त्यांना हसायचो. मीही हसलो. जुन्या कल्पना म्हणून सोडून दिल्या." टोपीची कड चाचपत म्हणाले, "आणि आता बघा. मी लेकीच्या घरात नुसतं पाणी पीत नव्हतो, ते तापवून घेऊन त्यात पाय बुडवून बसत होतो. निखिलराव फार चांगले आहेत. कधी एक शब्द बोलले नाहीत. म्हणून तर जास्त जड जातं. रोज त्यांच्या पैशाने माझी हाडं शेकायची?"

आता यावर कोणता फॉर्म्युला लावायचा? भिंतीची जाडी मी मोजली होती, काचा मोजल्या होत्या. या माणसाच्या मनात काय आहे ते मोजायचं मीटर माझ्याकडे नव्हतं. संध्याकाळी मृणाल आणि निखिल येईपर्यंत थांबले. मला जे सुचलं ते बोलून टाकलं, फार विचार न करता.

"गॅसचं बिल अण्णांना भरू दे."

मृणाल उसळली. "काहीतरीच काय ताई! अण्णांकडून पैसे घ्यायचे मी? मी कमावत नाही का? ते इथे पेइंग गेस्ट आहेत का?"

"तू घेऊ नकोस. गॅस कंपनी घेईल."

"अहो पण लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणायचं ते म्हणू देत. लोकांच्या छातीत कफ भरणार नाहीये."

ती रडायला लागली. अण्णा खाली मान घालून बसलेले. मला वाटलं, झालं, मी आगीतून उठून फुफाट्यात पडले. तेवढ्यात निखिल उठला. हा माणूस माझ्या अंदाजाने एक्सेलबाहेर कधी पाऊल ठेवणारा नव्हता. अण्णांच्या समोर खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "अण्णा, गॅसचं अकाउंट तुमच्या नावावर करू. घराचा हप्ता माझा, वीज मृणालची, गॅस तुमचा. तुमच्या पेन्शनीत बसतंय, मी बघितलंय. पण मग थर्मोस्टॅट तुमचा. आम्ही हात लावणार नाही. चालेल?"

अण्णांनी मान वर केली. मग विचारलं ते मला, जावयाला नाही.

"बाई, महिन्याला किती येईल?"

त्या प्रश्नाला आयुष्यात पहिल्यांदा मी चिडले नाही. कागद घेतला, त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांच्या घराचा, त्यांच्या सवयींचा, हिवाळ्याचा आणि उन्हाळ्याचा वेगवेगळा आकडा काढून दिला. त्यांनी तो रुपयांत करून पाहिला, पोटात कळ आल्यासारखा चेहरा केला आणि म्हणाले, "भरीन."

तेव्हापासून नव्या गिऱ्हाइकाकडे गेले की भिंतींना हात लावायच्या आधी मी दोन प्रश्न विचारू लागले. दिवसा घरात कोण असतं, आणि बिल कोण भरतं? लोकांना वाटायचं ही बाई चोंबडी आहे. वाटू दे. हे मला फार आधी सुचायला हवं होतं याची चुटपुट आहे. किती घरांत मी अचूक आकडे देऊन आले असेन आणि मागे कोणी टोपी घालून गारठत बसलं असेल. आता तर गॅसचे दर चढतायत, नव्या घरांत लोक विजेवरचे हीट पंप बसवतायत, माझी ही विद्या बहुधा माझ्याबरोबरच संपेल. संपू दे. माणसं कुठल्याही यंत्रापुढे तशीच वागणार आहेत.

पुढच्या हिवाळ्यात मृणालने जेवायला बोलावलं. बाहेर दक्षिण ध्रुवाकडचा बोचरा वारा सुटलेला, मी दोन कोट चढवून गेले. आत पाऊल टाकलं आणि दोन्ही काढले. अण्णा अर्ध्या बाह्यांच्या शर्टात पेपर वाचत बसलेले. थर्मोस्टॅट बाविसावर.

"अण्णा, मी एकोणीस सांगितलं होतं. बावीस कोणी केलं?"

"मी. एकोणिसाने काय होतंय?"

"बिल वाढेल!"

"वाढलंय," अण्णा म्हणाले. "भरलं."

मी वैतागून काही बोलणार, तेवढ्यात निखिल फोनवर बोलत बोलत आत आला. अंगणातलं मोठं सरकतं दार मागे तसंच उघडं राहिलं आणि वारा थेट टेबलापर्यंत आला. अण्णांनी पेपर खाली केला, चष्म्यावरून जावयाकडे पाहिलं आणि वर्गात घुमेल अशा आवाजात म्हणाले, "निखिलराव, दार लावा ते. माझी ऊब बाहेर चाललीय."